माणशी पावणेदोन रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझे औषधांचे दुकान आहे. मानसिक आजारांवर कुठे कार्यक्रम झाला की पाहुणे हटकून सांगतात, खेड्यातली माणसे अजून देवऋष्याकडे जातात. जातात, खोटे कशाला बोलू? पण तीच माणसे धारवाडच्या 'डिमहान्स' या सरकारी मनोरुग्णालयातही जातात आणि तिथली चिठ्ठी घेऊन माझ्या काउंटरवर येतात. घोडे अडते ते त्यापुढे.

कणकुंबीकडच्या जंगलपट्टीतली एक बाई मुलाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणते. घडीवर कागद विरलाय, औषधाचे नाव नेमके त्या फाटक्या जागी. "अण्णा, अर्धीच पट्टी द्या. सरकारी दवाखान्यात गोळ्या पुढच्या खेपेला येतील म्हणालेत." ओलांझापिन ही मनोविकारावरची गोळी, रोज रात्री एक. म्हणजे पाच दिवसांची सोय. सहाव्या दिवशी मजुरी बुडवून परत एसटीने यायचे, नाहीतर पोरगा गोळीविना. (जुन्या चिठ्ठीवर औषध देऊ नये असा नियम आहे. अशा वेळी मी काय करतो ते इथे लिहीत नाही.) गोळ्या तुटल्या की आधी झोप जाते, मग संशय सुरू होतो, आणि शेवटी घरचे उसनेपासने करून जीप ठरवतात. त्या भाड्यात काही महिन्यांच्या गोळ्या आल्या असत्या.

कायद्यात तर हे सगळे लिहून ठेवलेले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८ व्या कलमानुसार सरकारी यादीतली आवश्यक औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सदासर्वकाळ आणि फुकट मिळायला हवीत. योजनाही आहेत. कर्नाटक सरकारच्या 'मनोचैतन्य' योजनेखाली मंगळवारी तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ यावेत, ही कल्पना मला तरी फार चांगली वाटते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. पण फोनवरून गोळी मिळत नाही, आणि महिनाभर न आलेल्या पेशंटच्या घरी फोन आपण होऊन जात नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी केंद्राकडून एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख रुपये मिळू शकतात. तज्ज्ञ, समुपदेशक, नर्स, औषधे, शिबिरे, फिरायची गाडी, सगळे त्यात भागवायचे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार होती. हिशेब कॅल्क्युलेटरवर केला: माणशी वर्षाला पावणेदोन रुपये. एवढ्यात माझ्या दुकानासमोरच्या गाड्यावर अर्धा चहासुद्धा मिळत नाही. लोकसंख्या तेव्हापासून वाढलीच असणार, म्हणजे खरा आकडा याहून कमी.

सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये आरोग्य योजना जाहीर केली, तेव्हा दोन्हीकडून केवढा गदारोळ झाला! पण तसल्या विमा योजना दवाखान्यात दाखल झालेल्यांसाठी असतात. वर्षानुवर्षे घरी बसून गोळी घेणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, मग योजना बंगळूरची असो की मुंबईची.

माझे मागणे मोठे नाही. या औषधांचा निदान तीन महिन्यांचा साठा तालुक्याला असावा आणि बरा असलेल्या पेशंटला एका वेळी महिन्याच्या गोळ्या द्याव्यात. गोळ्या सोडलेल्यांच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या आशाताईंना त्या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. फुकटची कामे त्यांच्या गळ्यात आधीच पुष्कळ आहेत. आणि बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरेल तेव्हा आपल्या आमदारांनी एकच प्रश्न लेखी विचारावा: गेल्या वर्षभरात जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका दवाखान्यात मानसिक आजारांवरचे कोणते औषध किती दिवस शिल्लक नव्हते? उत्तर आले तर आपण ते तालुकावार छापावे.

आपला,
एक औषध दुकानदार, खानापूर तालुका
(गिऱ्हाइकांची ओळख पटू नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)