तिकडं सरकार बदललं म्हणून

मिरज

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

फोनवर हे नीट बोलता येणार नाही म्हणून लिहायला बसलेय. कॉलेजात प्रॅक्टिकलची गडबड आहे, अक्षर समजून घे.

तू विचारलंयस, मानसीला लगेच ब्रिटनला पाठवू, की तिकडं सरकार बदलेपर्यंत थांबू? थांबू नकोस. आणि तो एजंट म्हणतो म्हणून घाईही करू नकोस.

२०२४च्या जुलैत तिकडं मजूर पक्ष निवडून आला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. हुजूर पक्षाचं चौदा वर्षांचं राज्य गेलं, आता आपल्या मुलींचं सोपं होईल, असा सगळ्यांचा हिशोब. जाणाऱ्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये केअर वर्करना, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांना, नवरा-मुलं सोबत न्यायला बंदी केली होती. एप्रिलमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसाची वर्षाच्या पगाराची अट २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० वर नेली होती. नवे पंतप्रधान स्टार्मर यांनी आल्या आल्या आश्रय मागायला आलेल्यांना रवांडाला धाडायची योजना गुंडाळली, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. हे बाकीचे नियम मात्र जिथल्या तिथं राहिले. वर्षभरात पगाराची अट ४१,७०० झाली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर आणणंच बंद झालं. आधीचे पंतप्रधान सुनक यांनी दार लोटून घेतलं होतं, कडी घातली स्टार्मरनी.

आता पुढची निवडणूक २०२९च्या ऑगस्टपर्यंत कधीही होईल. समजा तेव्हा हेही गेले, तर येणार कोण? फराज यांचा रिफॉर्म पक्ष तर बाहेरून येणाऱ्यांवर बंधनं घालायच्या मुद्द्यावरच वाढलाय आणि त्याच्या धास्तीनं बाकीचे दोघेही कडक व्हायची चढाओढ करतायत. मग वाट कशाची बघायची?

आपल्या विट्या-खानापूरचे गलाईवाले सोनं गाळायला पार केरळ-तमिळनाडूपर्यंत जाऊन राहिले. तिथं सरकार कुणाचं हे विचारायची वेळ त्यांच्यावर आली नाही, कारण देशात कुठंही राहायचा हक्क घटनेनंच दिलाय. परदेशात जाणाऱ्याच्या हातात असलं काही नसतं. ब्रिटनमध्ये तर व्हिसाचे नियम बदलायला नवा कायदाही लागत नाही. गृहखातं बदलांचं पत्रक संसदेपुढं ठेवतं आणि साधारण एकवीस दिवसांत ते लागू होऊ शकतं.

अमेरिकेत एवढाही वेळ मिळाला नाही. आमच्या शेजारचा मुलगा तिकडं एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. सर्वपित्रीला घरी आला होता. शनिवारी सकाळी उठून बघतो तर मोबाइलवर मेसेजवर मेसेज, की ट्रम्पनी शुक्रवारी हुकूम काढलाय, एक लाख डॉलर भरावे लागणार आणि अंमल रविवारपासून. कंपनीचा निरोप, मिळेल ते विमान पकड. आई स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ भिजवतेय आणि हा बाहेर उभा राहून तिकिटाचे दर वाचतोय. मग खुलासा आला की हे नव्या अर्जांना आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. तोवर याचं तिकीट काढून झालं होतं. आणि गंमत बघ, ग्रीन कार्डात, म्हणजे तिकडं कायमचं राहायच्या परवान्यात, एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, ही अट कायद्यात आहे, ती बदलायची तर काँग्रेसच, म्हणजे त्यांची संसदच, लागते. त्यामुळं ओबामा गेले, ट्रम्प आले, बायडन आले, परत ट्रम्प आले, आपल्या लोकांची रांग आहे तिथंच आहे. घट्ट करायचं ते एका सहीत होतं, सैल करायला कायदा लागतो.

आता मानसीचं. एजंट तिला ‘सीनियर केअरर’ म्हणून पाठवतो म्हणतोय ना? तो रस्ता इथून जाणाऱ्यांना बंद आहे. ‘सरकार बदललं की सुरू होणार, आत्ता बुकिंग करून ठेवा’ ही निव्वळ थाप आहे. माझी तासगावकडची एक विद्यार्थिनी रस्ता चालू असताना अशीच केअरर म्हणून गेली. वडिलांनी बेदाणा विकून पैसे उभे केले होते. तिकडं मालकाचं परदेशी माणसं ठेवायचं लायसन्स रद्द झालं आणि हिला पत्र आलं, साठ दिवसांत दुसरा मालक शोधा नाहीतर देश सोडा. व्हिडिओ कॉलवर मला ते पत्र वाचून दाखवत होती, मधेच थांबून विचारलं, “मॅडम, घरी सांगू का?” मिळालं तिला दुसरीकडं काम, पण ते दोन महिने तिनं कसे काढले ते तिलाच माहीत.

मानसी बीएस्सी नर्सिंग आहे, तिनं केअरर म्हणून जावंच का? नोंदणीकृत नर्सचा रस्ता अजून उघडा आहे. आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग तिकडच्या नर्सिंग कौन्सिलची सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा इथून द्यायची आणि गेल्यावर ऑस्की, म्हणजे प्रॅक्टिकल. वेळ लागतो, पण सरळ आहे. कायमचं राहायला मिळण्याची मुदत पाचऐवजी दहा वर्षं करायचा प्रस्ताव मात्र आहे. तो आधी गेलेल्यांनाही लावायचं चाललंय, म्हणून ‘पाच वर्षांत पक्कं’ असं कुणी सांगितलं तर धरून चालू नका.

माझं मन विचारशील तर जर्मनी. सरकार तिथंही बदललं, मे २०२५ मध्ये मेर्त्स चॅन्सेलर म्हणून आले आणि तीन वर्षांत नागरिकत्व द्यायची सोय त्यांनी काढून टाकली. पाच वर्षांची आहे ती ठेवली, आणि नर्सना बोलावणं काही थांबवलं नाही, कारण म्हातारी माणसं वाढलीत आणि करणारं कुणी नाही. आपल्या राज्य सरकारनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-व्युर्टेनबर्गशी मनुष्यबळाचा करार केलाय. पण भाषेचा घाम आहे, जर्मनच्या बी-टू पातळीपर्यंत जावं लागतं. आमच्या पोरी प्रत्येक नामाचं डेर-डी-डास हे आर्टिकल पाठ करून रडकुंडीला येतात.

भाऊजींना सांग, एजंटला एक रुपयाही द्यायचा नाही. ब्रिटनच्या गृहखात्याची परवानाधारक मालकांची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. त्यात एजंट सांगतोय त्या मालकाचं नाव आहे का ते आधी बघा. आणि ‘स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचे पैसे’ म्हणून मागत असेल तर तिथंच त्याला हात जोडा, तो खर्च मालकानं करायचा असतो.

मानसीच्या मार्कशीटा आणि कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचा फोटो पाठव, तिच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का ते मला बघायचंय.

तुझी,
सुनंदा

ता. क. ऑफर लेटरही पाठव. खाली सही कुणाची आहे ते बघते.