ताईच्या प्रेमकथेला टाइमपास म्हणू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नव्या इंग्रजी रोमान्स कादंबऱ्यांवर लेख आला होता, त्यात आईवडील गेल्यावर धाकट्या भावंडांना वाढवणाऱ्या नायिकेची गोष्ट दोन ओळींत उडवून लावलीये, प्रवासात वाचायला ठीक एवढंच. मला ते अजिबात पटलं नाही. अशा बऱ्याच कादंबऱ्या मी वाचल्यात आणि मी स्वतः घरातली थोरली, आईबाबा एकापाठोपाठ गेले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, भाऊ सातवीत आणि बहीण चौथीत होती, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

साचा ठरलेला असतो, मान्य. तरुण मुलगी, मागे दोन-तीन भावंडं, घरभाडं, घरी चौकशीला येणारी सोशल वर्कर, आणि मग तो येतो. शेवट गोड होणार हेही माहीत असतं, अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने व्याख्याच तशी केलीये की प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. पण मधलं वाचा ना! तिला प्रेमात पडायला वेळच नाही, आणि वेळ मिळाला तरी अर्धं लक्ष घरी. मी डेक्कनला एका हॉटेलात एकासोबत पहिल्यांदा जेवायला गेले होते, ऑर्डर देतोय तेवढ्यात भावाचा फोन, ताई कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, बंद करू का अजून एक होऊ देऊ. समोरच्याने वैतागायचं सोडून विचारलं, तांदूळ नवा आहे की जुना? त्याच्याशीच मी पुढे लग्न केलं.

आपल्याकडे तर नुसत्या कागदपत्रांवर अख्खी कादंबरी होईल. थोरली बहीण सज्ञान असली तरी आपोआप पालक होत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि त्यांच्यानंतर आई, बहिणीचा उल्लेखच नाही, तिला १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टात अर्ज करून स्वतःची नेमणूक करून घ्यावी लागते. बाबांच्या एफडीतला भावंडांचा हिस्सा मागायला गेले तर बँकेत सांगितलं आधी कोर्टाची ऑर्डर आणा, आणि शाळेच्या फॉर्मवर पालकाशी नाते या रकान्यात बहीण लिहिलं की समोरचा मान वर करून बघायचा. सरकारची बालसंगोपन योजना आहे, आता एका मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात, आधी त्याहून बरेच कमी होते, पण अशी काही योजना असते हे आम्हाला सांगितलं ते तळमजल्यावरच्या काकूंनी, नातेवाइकांपैकी कोणी नाही.

आणि या कादंबऱ्यांना नेमकं हेच कळलेलं असतं. तेराव्याला आलेली माणसं पांगतात, मग उरतात ती शेजारची, कामावरची, कुठल्या नात्यात न बसणारी. आमच्या काकूंकडे घराची दुसरी किल्ली असायची, मला सुट्टी नाही मिळाली की पालकसभेला त्या जायच्या, कोपऱ्यावरच्या खानावळीतले काका महिनाअखेरीला डबा द्यायचे आणि पैशांचा विषयही काढायचे नाहीत. अशा माणसांचं कुटुंब होताना दाखवणं हे हलकंफुलकं काम नाहीये.

माझी तक्रार आहे ती वेगळी, आणि तुमच्या लेखात ती यायला हवी होती. नायक फार श्रीमंत असतो, शेवटच्या काही प्रकरणांत त्याच्या पैशाने सगळे प्रश्न सुटतात. भावंडं तर इतकी गोड की ताईचं जुळवून द्यायला तीच पुढे! मी लग्नाचं सांगितलं तेव्हा माझी बहीण बोलायचीच बंद झाली होती, खूप दिवसांनी रात्री अंथरुणात विचारलं, तू पण जाणार का? गेले नाही, नवराच आमच्याकडे राहायला आला, लोकांनी त्याला घरजावई म्हणून घेतलं आणि त्याने ते मनावर घेतलं नाही. तो राग, ती भीती, नंतर बहीण त्याच्याकडे गणितं घेऊन बसायला लागली तो सगळा काळ, कादंबरीत हे उरकून टाकतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्याच पेपरात वधू-वरच्या जाहिरातींत जबाबदारी नाही असं आवर्जून छापलेलं असतं. ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांनी प्रेम कसं करायचं, लग्न कसं करायचं हे सांगणारी आजची, शहरातली, मोठ्यांसाठीची मराठी कादंबरी मी अप्पा बळवंत चौकात शोधलीये, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तिथेही विचारलंय, स्टॉलवाले चरित्रं, अनुवाद आणि यशस्वी व्हायची पुस्तकं हातात देतात. पुण्यात खोली घेऊन भावंडांना शिकवणाऱ्या किती ताया आणि दादा आहेत, लिहिणाऱ्यांना ते दिसत कसे नाहीत?

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी असं पुस्तक आलं की परीक्षण या प्रकारची पुस्तकं आवडीने वाचणाऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या, जागाही जरा जास्त द्या, आणि दिवाळी अंकासाठी कथा मागवाल तेव्हा हा विषय लेखकांना सुचवून बघा.

आपली नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे