सईच्या टाचा

मनिला,
फेब्रुवारी

प्रिय सुमे,

दिवाळीत तुझा एवढा मोठा मेसेज आला आणि मी त्यावर नुसता पणतीचा फोटो चिकटवून गप्प बसले. त्यावर तू मनात मला जे काही म्हणाली असशील ते म्हणून झालं असेल असं धरून चालते. तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. माझा गुडघा उतरताना कुरकुरतो, अभयची शुगर काठावर आहे, सईची अक्कलदाढ काढली. झालं. आता कामाचं.

गेल्या आठवड्यात आम्ही एल निदोला गेलो होतो. पलावान बेटाचं उत्तरेकडचं टोक. अभयला समुद्रात डुंबायचं होतं, मला झोपायचं होतं आणि सईने तिसरंच काढलं. गावाच्या अगदी डोक्यावर तारॉ नावाचा कडा आहे. चुनखडीचा, करडा, सरळ उठलेला. समुद्र आणि हा कडा यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरली तिच्यावर गाव बसलंय. उंची सुमारे २३० मीटर. हसू नकोस. मीही हसले होते. कोकणकड्यावर पालथं पडून खाली थुंकलेल्या बाईला २३० मीटरचं काय कौतुक! (थुंकले मी नव्हते, तू होतीस. आणि वारा वर येत होता. असो.)

पहाटे साडेचारला वाटाड्या दारात हजर. इथे मोठ्या भावाला कुया म्हणतात आणि अनोळखी माणसालाही तीच हाक, म्हणून आमचाही तो कुयाच. त्याच्या पायात रबरी चपला. आम्हाला मात्र बंद बूट हवेत, जाड हातमोजे हवेत, डोक्याला दिवा हवा. हे सगळं त्याने आदल्या संध्याकाळी येऊन हातात घेऊन तपासलं होतं. मी म्हटलं, कातळावर हातमोजे? नंदूने बघितलं असतं तर हातमोज्यांसकट खाली ढकललं असतं मला.

हो, लिहिलं नाव. मुद्दाम लिहिलं. हे पत्र त्याच्याबद्दलच आहे. अर्धं वाचून कपाटात टाकायचं असेल तर आत्ताच टाक, नंतर माझ्यावर चिडू नकोस.

हातमोजे कशाला ते झाडी संपल्याबरोबर कळलं. आपल्या कातळावर भीती कसली? होल्ड, म्हणजे धरलेला दगड, उपटून हातात येण्याची, घसाऱ्याची, पावसात शेवाळाची. इथलं शास्त्रच निराळं. हा दगड २५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साठलेला. आपला साडेसहा कोटींचा सह्याद्री त्याच्यापुढे शेंबडा पोर. आणि पाऊस याला नुसता झिजवत नाही, विरघळवतो. पाणी हवेतून, मातीतून कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आंबट होतं आणि दगड खात खात खाली उतरतं. तसं खाऊन दोन पन्हळींच्या मधे जी धार उरते, तिच्यावर हात ठेवायचा. अख्खा कडा म्हणजे उभी केलेली किसणी. बूट ठेवला तिथे राहतो, घसरत नाही, तेवढं सुख. पण गुडघा टेकला की पॅन्ट फाटते आणि मनगट घासलं की रक्त. पडल्यावर लागेल की नाही हा प्रश्नच नाही गं, नुसतं टेकल्यावरही लागतं.

दोर नव्हता. हार्नेस नव्हता. दुसऱ्या अंगाला लोखंडी तारा आणि झुलता पूल लावून तिकिटाची सोय केली आहे, तिथे हेल्मेट घालून लोक फोटो काढतात. आमची वाट ती नव्हे. पुढे कुया, मधे सई, मागे मी. अभयने हॉटेलच्या गच्चीवरून आमच्या दिव्यांचा व्हिडिओ काढायचं कबूल केलं होतं आणि तो अर्थातच झोपला.

कुयाचे आजोबा बुस्यादोर होते. म्हणजे पाकोळ्यांची घरटी काढणारे. त्या पाकोळ्या लाळेची घरटी करतात, ती चिनी लोक सुपात घालतात, म्हणून वजनावर भलत्या भावाने विकली जातात. बांबू आणि वेत यांच्या आधाराने ही माणसं अंधाऱ्या गुहांत, छतापर्यंत चढायची; आजही काही जण चढतात. अशा घरातला हा माणूस, आणि कसा चढत होता सांगू? सावकाश. चिडायला होईल इतका सावकाश. प्रत्येक मोठ्या होल्डवर अंगठीने टक करायचा, ऐकायचा, मग वजन द्यायचा. आवाज पोकळ आला तर तो होल्ड सोडून पुढचा. आमच्याकडे वळून एकच शब्द: दाहान-दाहान. हळू, हळू. तुझ्या भावाला, नंदूला, मी हेच मराठीत किती वर्षं ओरडत होते!

आता ऐक. उभा टप्पा सुरू झाला आणि माझ्या दिव्याच्या झोतात सईच्या टाचा आल्या. दुसरं काही दिसतच नव्हतं, अंधारात फक्त दोन टाचा. डावा पाय ती आधी कातळावरून ओढत नेते, मग चटकन झटकून वर टाकते. खाली बघत नाही. हात वर गेला की गेला. होल्ड तपासायचा नाही, त्याला धरलं न धरलं तोच शरीर निघालेलं. आणि हे सगळं सुंदर दिसतं, सुमे. तेच तर. बेंगरूळ दिसलं असतं तर मी ओरडले असते. मी खाली उभी राहून बघत राहिले, कारण ते चढणं मी पूर्वी पाहिलं होतं, नळीच्या वाटेत, नागफणीला, आणि मग तैलबैलाला.

तिला कोणी शिकवलं? कोणीच नाही. तिने नंदूला एकदाच पाहिलंय, दुकानात खुर्चीत बसलेला, कुबडी भिंतीला. (आणि भुवया उंचावू नकोस, सई बापाच्या वळणावर गेलीय, नाकासकट. तुझ्या आईच्या डोक्यात काय होतं ते मला माहीत आहे, तिला सांग आता सोड.) अभयच्या घरात दिवा बदलायला स्टुलावर चढायचं तरी शेजाऱ्याला बोलावतात. मग हे आलं कुठून?

वरच्या तिसऱ्या भागात कुठेतरी तिने उजव्या हाताने एक धार धरली आणि ती तुटली. वीतभर तुकडा. माझ्या कानाजवळून गेला. तिचे दोन पाय आणि डावा हात जागेवर होते, काही झालं नाही. पण तो तुकडा खाली झाडीत पोचल्याचा आवाज यायला किती वेळ लागतो ते तुला सांगायला नको. तू आणि मी दोघींनी तसं थांबून ऐकलेलं आहे. आणि वर ही हसली. दचकून नाही, मजा वाटून. हुबेहूब नंदू. कुया वरून ओरडला, ‘दाहान-दाहान!’ आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. माझे हात व्यवस्थित होते, पाय व्यवस्थित होते, मी स्वतःसाठी जराही घाबरले नव्हते. पन्नाशीला आलेली बाई त्या किसणीवर ठाम उभी, आणि घसा बंद.

माथा म्हणजे माथा नाहीच. चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढी सुऱ्यांची रास, त्यातल्या त्यात बोथट सुरी शोधून बसायचं. सूर्य मागच्या डोंगरातून येतो, त्यामुळे तो उगवताना दिसत नाही, समोरची बेटं उजळताना दिसतात. पहिल्यांदा कादलाओच्या शेंड्यावर ऊन आलं, मग ते हळूहळू खाली समुद्रापर्यंत उतरलं आणि खाडीत नांगरलेल्या बांका होड्यांचे दोन्हीकडचे बांबू दिसायला लागले. फार सुंदर होतं. मी नीट पाहिलं नाही. मी तिचा पाय कुठे आहे ते बघत होते.

आणि तिथे बसून, बिस्किट खात, ती मला म्हणते, ‘आई, मला बारावीनंतर उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायचाय. तू केलायस ना?’

केलाय ना. तुझ्याबरोबरच केलाय. रात्री तंबूत तू माझे मोजे घालून झोपायचीस आणि सकाळी नाकबूल करायचीस.

काय सांगू तिला? जा म्हणायला माझी जीभ तयार आहे. नको म्हणायला तोंड नाही. कोर्सची मला काळजी नाही, तिथे दोर असतो, उस्ताद असतात, शिव्या असतात. काळजी नंतरची आहे. कोर्सहून आल्यावर नंदूही काही महिने नीट चढला होता, आठवतंय? टक टक, तपासून, शहाण्यासारखा. मग एक दिवस ते गेलं, कारण त्याला त्याची गरजच पडत नव्हती. इतरांना लागते तेवढी सावधगिरी त्याला अपमान वाटायची. सईलाही तसंच वाटणार आहे. मी सांगितलं तर ती ऐकून घेईल, ‘हो आई’ म्हणेल आणि तो डावा पाय पुन्हा झटकेल. अभय म्हणतो, तू फार विचार करतेस, सतरा वर्षांची आहे, दोन महिन्यांत विसरेल. त्याला तैलबैला ठाऊक आहे पण ऐकून ठाऊक आहे. ऐकून ठाऊक असणं काय कामाचं.

मी किती उलटसुलट विचार केला ते विचारू नकोस. एकदा वाटतं, तिला इथेच भिंतीवर चढायला घालावं, मनिलात कृत्रिम भिंती आहेत, गादी असते खाली. पण गादीवर पडून पडून ती आणखीच बेफिकीर होईल. मग वाटतं, सगळं सांगावं, त्या दुपारचं, अगदी आपण दोघींनी काय ऐकलं तिथपर्यंत. पण ते सांगणं माझं आहे का? त्यात अर्धं तुझं आहे आणि उरलेलं सगळं त्याचं.

तू मला त्या दोरांवरून अजून माफ केलेलं नाहीस हे मला माहीत आहे. तू त्याचे सगळे दोर विहिरीवर आणि गोठ्यात वाटून टाकलेस आणि मी ओट्यावर उभी राहून तुला जे बोलले, ते तुझ्या सासूनेही ऐकलं. मला ते अजूनही पटलेलं नाही, स्पष्ट सांगते. जुने दोर वापरात नकोत हे मलाही कळतं. पण त्याला विचारायला हवं होतं. तेव्हापासून त्या घरात डोंगर हा शब्द कोणी काढत नाही. तो दुकानात खुर्ची उलटी लावून बसतो, शिवनेरी दिसू नये म्हणून, आणि तुम्ही सगळे म्हणता की रस्त्यावरच्या धुळीमुळे बसतो तसा.

म्हणून विचारते. होली वीकच्या, ईस्टरच्या आधीच्या आठवड्याच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलच्या सुमाराला, मी सईला घेऊन जुन्नरला येते. कडा नको, किल्ला नको. तुमच्या मळ्याच्या मागे तो टेकाडाचा कातळ आहे ना, जिथे आपण तिघे पहिल्यांदा फडताळाएवढ्या उंचीवरून पडायला शिकलो, तिथे. सकाळी सहाला, दगड तापायच्या आत. नंदूने खाली खुर्ची टाकून बसावं आणि तिला फक्त चढताना बघावं. त्याने चांगलं काही सांगायची गरज नाही. तिचा डावा पाय झटकला की त्याला कळेल, आणि मग तो जे काही बोलेल, शिव्या देईल, उठून निघून जाईल, ते चालेल मला. माझं ऐकणार नाही ती. पुस्तकातलं ऐकणार नाही. पण स्वतःसारखं चढणाऱ्या माणसाचं कदाचित ऐकेल.

त्याला त्रास होईल का? होईलच. किती होईल याचा अंदाज मला इतक्या लांबून येत नाही, तुला येईल. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही, आणि ओट्यावर उभी राहणार नाही. पण तू ठरवू नकोस, सुमे. या वेळी त्याला विचार. जेवणं झाल्यावर, तुझी आई आत गेली की. फोनवर नको.

ओंकारची प्रॅक्टिकल्स झाली का? त्याला म्हणावं, केमिस्ट्रीचा पेपर अवघड गेला तर मावशीचं नाव सांग, घराण्यात आहे. टोमॅटोला नारायणगावला काय भाव लागला? भाऊसाहेबांनी यंदा द्राक्षं लावली की अजून विचारच चालू आहे? आणि तुझ्या शाळेत त्या नव्या हेडबाईंचं पुढे काय झालं, तू मेसेजमध्ये नुसतं ‘भेटल्यावर सांगते’ लिहिलं होतंस. लिही ना, भेटेपर्यंत कोण थांबणार!

हे पत्र अभयच्या ऑफिसातला एक जण पुण्याला येतोय त्याच्या हाती देतेय. बरोबर सुक्या आंब्याची पाकिटं आहेत. जुन्नरकरांना आंबा पाठवणं म्हणजे आगाऊपणा, पण मुलं खातील.

तुझी,
मंजू

ता. क. हे पत्र नंदूला वाचायला देऊ नकोस. दिलंसच तर कुयाच्या अंगठीचा भाग तेवढा दाखव, आणि तो काय म्हणतो ते जसंच्या तसं कळव. गाळून नको.