मुंबईला दोनच दिवस आहेत, सोनू

चि. सौ. सोनूस,

अनेक आशीर्वाद. फोनवर नीट बोलणं होत नाही, मधेच बारक्या रडतो नाहीतर कुकरची शिट्टी होते, म्हणून टाईप करून पाठवतोय. निवांत वाच आणि मग जावईबापूंना तुझ्या भाषेत सांग, अण्णा असं म्हणाले असं सांगू नको.

मुंबईच्या सहलीची तुझी एक्सेल शीट बघितली. रंग छान दिलेत. पण दोन दिवसांत गेटवे, घारापुरी, राणीबाग, सायन्स सेंटर, तारांगण, सिद्धिविनायक, हाजीअली, जुहू, फिल्मसिटी, सी लिंक, कोस्टल रोड आणि वर त्या हिरोचा बंगला? बंगल्यात जाऊन काय करणार, गेटबाहेर फोटोच काढायचा ना, गेट तर आपल्या घराला पण आहे. आणि फिल्मसिटी गोरेगावला आहे, गेटवेपासून तिथं जायचं म्हणजे आपण इथून सोलापुरातून मोहोळला गेल्यासारखं, फक्त मोहोळच्या रस्त्याला सिग्नल नाहीत आणि मुंबईत पावलापावलाला. अर्धा दिवस गाडीतच जाईल, पोरं झोपतील आणि तुझी आई गुडघे धरून बसेल.

माझं म्हणणं एकच आहे. एकच भाग धरू. सीएसएमटी ते कुलाबा आणि मरीन ड्राईव्ह, एवढ्यातच दोन दिवस कमी पडतात. त्याच्या बाहेर फक्त एक राणीबाग, ती पण पोरांसाठी, आणि एक सिद्धिविनायक, ते का ते खाली लिहितो.

आता गाडीचं. जावईबापूंना ड्रायव्हिंगची हौस आहे, नवीन गाडी आहे, कोस्टल रोडवरून न्यायचं आहे, सगळं मान्य. पण तुमच्या गाडीत पाच जण बसतात आणि आपण सहा आहोत, हे शीटमधे कुठंच दिसलं नाही मला. बरं बारक्याला मांडीवर घेऊ म्हणशील, पण पुढं फोर्टमधे पार्किंगला जागा शोधत फिरायचं, मिळाली तर तिथून हलवायची भीती, म्हणजे गाडी एकीकडं उभी आणि आपण टॅक्सीनं. टॅक्सीत पण चारच जण घेतात, म्हणजे दर वेळी दोन टॅक्सी, आणि त्या भागात रिक्षा नाहीत, रिक्षा बांद्रा-सायनच्या अलीकडं शहरात सोडत नाहीत. म्हणून मी म्हणतो डेक्कन क्वीन. सकाळी सव्वासातला पुण्यातून निघते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटी, थेट जिथं आपल्याला उतरायचंय तिथंच. १९३० पासून चालू आहे ही गाडी आणि हिला डायनिंग कार आहे, टेबलखुर्चीवर बसून ऑम्लेट टोस्ट खात घाट उतरायचा. पोरांना हे कुठल्या मॉलमधे मिळणारे? बोगदे मोजायला लाव चिमणीला, कर्जतपर्यंत गप्प बसेल. रविवारी परतीला पाच दहाची तीच गाडी, साडेआठला पुण्यात, सोमवारी शाळेला दांडी नाही. येताना कर्जतला घाट चढण्यासाठी मागून इंजिनं लावतात ती पण दाखवता येतील, खिडकीतून वळणावर दिसतात.

आम्ही दोघं शुक्रवारी हुतात्मानं पुण्याला येतो, साडेसहाला सुटते सोलापुरातून, दुपारी जेवायला तुझ्याकडं. सिद्धेश्वरनं परस्पर मुंबईला येऊ शकतो, पण पोरांसोबत क्वीनमधे बसायचंय मला.

सिद्धेश्वरवरून सांगतो. तुला लहानपणापासून वाटायचं अण्णांना मुंबई पाठ आहे. अगं मला मुंबई कुठं माहितीये, मला मंत्रालय माहितीये. ऑफिसची फाईल घेऊन रात्री सिद्धेश्वरला बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरून वेटिंग रूममधे तोंड धुवायचं, समोर पंचम पुरीवाल्याकडं पुरीभाजी खायची आणि मग वाट बघत बसायचं, कारण आपल्यासारख्यांना आत सोडणार दुपारी दोननंतर. गार्डन गेटला पासची लाईन, आत गेलं की साहेब मीटिंगमधे, आकाशवाणी आमदार निवासच्या कॅन्टीनला जेवण, परत लाईन, आणि रात्रीच्या सिद्धेश्वरनं घरी. इतकी वर्षं गेलो पण गेटवे लांबूनच बघितला, म्युझियमवरून तर कितीदा चालत गेलो पण आत पाय टाकला नाही, फाईल हातात असायची ना. त्यामुळं पळापळीची मुंबई माझी झालेली आहे, आता बसायची मुंबई करू.

एक जागा मात्र मला पाठ आहे, ओव्हल मैदान. सकाळ काढायची म्हटलं की मी तिथं जाऊन झाडाखाली फाईलची पिशवी उशाला घेऊन पडायचो. एका मैदानात एकदम इतक्या मॅचेस चालू असतात की या मॅचचा स्क्वेअर लेग त्या मॅचच्या स्लिपमधे उभा असतो, बॉल कुणाचा कुणाकडं जातो आणि ज्याच्याकडं आला तो न बघताच परत फेकतो, कुणी भांडत नाही. एकदा एक बॉल माझ्या पिशवीवरच येऊन आदळला, मी फेकला तर एक पोरगं म्हणालं थँक्यू अंकल, आणि अंपायर माझ्याकडं बघून बाय असल्याचा हात करायला लागला. बारक्याला हे बघायला आवडेल बघ, आणि एक रुपया लागत नाही. एका बाजूला राजाबाई टॉवर, १८७८ साली पूर्ण झालेला, २८० फूट उंच, प्रेमचंद रायचंदनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. दुसऱ्या बाजूला त्या गोलगोल गॅलऱ्यांच्या बिल्डिंगा. दोन्ही बाजू मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथं बसू आणि ऊन उतरलं की चर्चगेटवरून चालत मरीन ड्राईव्हला. शेंगा विकत घ्यायच्या नाहीत हां, सोलापूरच्या माणसानं मुंबईत शेंगा विकत घेणं शोभत नाही, आई बांधून घेणारे.

तर शनिवार असा. साडेदहाला उतरलो की बाहेर पडायची घाई करू नका, स्टेशनच बघायचं आधी. १८८७ ची इमारत, त्यावर दगडात खारी, माकडं, मोर, काय काय कोरलंय, जेजे स्कूलच्या विद्यार्थ्यांचं काम. गेटच्या खांबांवर एकीकडं सिंह एकीकडं वाघ, सिंह इंग्रजांचा वाघ आपला. चिमणीला वहीत प्राणी लिहायला सांग, मग बघ कशी वर मान करून फिरते. रात्री परत येताना लाईटिंग लागलेलं असतं ते समोर महापालिकेच्या बाजूनं बघायचं, फोटो तिथूनच चांगला येतो.

सामान लॉजवर टाकून पुरीभाजी, आणि मग म्युझियम. त्याला आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, टॅक्सीवाल्याला म्युझियम म्हटलं तरी चालतं. चिमणीला विजापूरला नेलं होतं आपण, आठवतं का, कुजबुज ऐकायला दोन तास बसली होती. म्युझियमचा घुमट त्या गोलघुमटावरूनच घेतलाय, तिला आधी सांगू नका, ओळखते का बघू. बांधणारा आर्किटेक्ट विटेट, गेटवे पण त्याचाच, १९२४ ला पूर्ण झाला. आत अकबराचं चिलखत आहे, पक्षी-प्राण्यांचं दालन आहे, मुलांचं वेगळं म्युझियम आहे. दोन-अडीच तास धरा, त्याच्या वर पोरं ऐकणार नाहीत आणि खरं सांगायचं तर मी पण नाही. तिथून गेटवे चालत दहा मिनिटं.

घारापुरी काढून टाक. मला माहितीये तुला आवडेल, १९८७ पासून युनेस्कोमधे आहे, त्रिमूर्ती बघण्यासारखी आहेच. पण बोटीला जायला तास यायला तास, वर उतरल्यावर सव्वाशे एक पायऱ्या, तुझ्या आईला ते होणार नाही आणि तिला खाली बसवून आपण वर जायचं हे मला पटत नाही. बोटीचाच हट्ट असेल पोरांचा तर गेटवेवरून अर्ध्या तासाची फेरी मारून आणणाऱ्या बोटी असतात, तेवढं बास. आणि घारापुरीचा एक तुकडा आपल्याला राणीबागेत बघायला मिळणारच आहे, पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव ठेवलं तो हत्ती. इंग्रज तो इंग्लंडला न्यायला निघाले होते, उचलताना फुटला, मग जोडून ठेवला तो राणीबागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात आहे.

रविवार. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद ठेवतात, हे पुण्यातली माणसं विसरतात. साधारण अकरा ते चार, कुठं ते आदल्या दिवशी पेपरात येतं. म्हणून राणीबागेला सकाळीच निघायचं, सीएसएमटीवरून स्लो लोकल, सीएसएमटी धरून भायखळा चौथं स्टेशन. रविवारी सकाळची लोकल रिकामी असते, पोरांना खिडकी मिळते, लोकल दाखवायची तर तेव्हाच, गर्दीच्या वेळी बारक्याला घेऊन चढायचा विचार पण करू नका. राणीबाग उघडते साडेनऊला, आणि उघडताच पहिल्यांदा पेंग्विन, कारण नंतर त्याची लाईन बघवत नाही. वाघ नंतर, वाघ कुठं जात नाही. येताना ब्लॉकची भानगड नको, बसनं येऊ, सहा जणांना बसच परवडते.

आता सिद्धिविनायक. तुझी आई म्हणाली की सिद्धिविनायक झाल्याशिवाय मुंबईला गेले असं मी कुणाला सांगणार नाही, आता यावर काय बोलणार. पण सहा जणांनी जायची गरज नाही. आम्ही दोघं पहाटे उठतोच, रविवारी पहिल्या-दुसऱ्या मेट्रोनं जाऊन येतो तुम्ही झोपेत असताना. ती नवीन भुयारी मेट्रो आता कफ परेडपर्यंत झालीये, सीएसएमटीला स्टेशन आहे आणि सिद्धिविनायकला पण, लिफ्ट आहे, सरकता जिना आहे. आधी दादरला उतरून टॅक्सी करावी लागायची. दर्शन करून नऊपर्यंत परत, आणि मग सगळे मिळून भायखळा. प्रसाद आणतो.

लॉज बघताना एसी आहे का हे नंतर विचार, लिफ्ट आहे का हे आधी विचार. फोर्टमधे बरीच लॉजं जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आहेत, फोटोत रूम छान दिसते आणि जिना दिसत नाही. लिफ्ट आहे म्हणाले तर चालू आहे का ते पण विचार. दोन रूम, लांब असल्या तरी चालेल, बारक्याच्या रडण्यानं जावईबापूंची झोप मोडते असं तूच म्हणाली होतीस, तर बारक्याला आमच्याकडं झोपवू.

तारीख. जानेवारीतला तिसरा रविवार अजिबात नको, मॅरेथॉन असते, आणि ती सीएसएमटीवरूनच निघते, रस्ते पहाटेपासून बंद. डिसेंबरमधे सहा तारखेच्या आसपास पण नको, चैत्यभूमीला लाखो लोक येतात, ज्यांना जायचंय त्यांना गाडीत जागा मिळू दे. नाताळच्या आठवड्यात लॉजचे दर विचारू नकोस. मला फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा आठवडा बरा वाटतो, हवा ठीक असते, आणि काळा घोड्याचा फेस्टिव्हल साधारण त्याच सुमाराला असतो, त्याची नक्की तारीख बघून घे, म्युझियमच्या बाहेरच सगळं मांडलेलं असतं, बघायला पैसे नाहीत. गर्दी असते पण ती गर्दी मजेची. चिमणीची परीक्षा कधी आहे ते तेवढं बघ. रिझर्वेशन आता साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, त्या दिवशी आठला पाच कमी असताना लॉगिन करून बस, नंतर वेटिंग दाखवलं की मला फोन करून काय उपयोग नाही.

जेवणाचं फार प्लॅन करू नको. शनिवारी सकाळी पुरीभाजी, संध्याकाळी गिरगाव चौपाटीला भेळ, रविवारी नाष्ट्याला धोबी तलावच्या कयानीत बनमस्का आणि मावा केक, १९०४ चं इराणी हॉटेल आहे, बंद व्हायच्या आत पोरांनी बघायला पाहिजे, बाकीची कितीतरी गेली. आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्यायची ठरवलीच आहे, मी नको म्हटलं तर म्हणाली गाडी लेट झाली तर काय खाणार. तू पण नको म्हणू नकोस, तिचं बॅग भरणं चालू झालंय, अजून तारीख ठरायची आहे.

कोस्टल रोडचं जावईबापूंना वाईट वाटत असेल तर शनिवारी रात्री जेवल्यावर तुम्ही दोघं टॅक्सी करून वरळीपर्यंत चक्कर मारून या, पोरं आमच्याकडं. हे मात्र अण्णा म्हणाले असं सांगितलंस तरी चालेल.

शीटमधे दुरुस्ती करून परत पाठव, पण या वेळी रंग कमी दे, मोबाईलवर पिवळ्यावरचं पांढरं वाचता येत नाही. आणि चिमणीच्या बुटांचा नंबर कळव, आई बाजारात जाणारे गुरुवारी.

तुझे अण्णा