एसएमपीएस तेवढा बदल

प्रिय मनू,

फोनच करणार होते, पण फोनवर आपलं परत तेच होतं, तू "हो आई, कळलं आई" म्हणतेस आणि माझा आवाज चढतो. म्हणून बसून टाईप करते. बाबा झोपलेत, आजी पण. रविवारी तू तपकीर गल्लीतून रिक्षा करून सरळ रूमवर निघून गेलीस, जेवणाचा डबा माझ्याच पिशवीत राहिला, मी पासोड्या विठोबाच्या तिथे पिशवी धरून किती वेळ उभी होते, वाटलं परत येशील. काल ग्रुपवर फोटो टाकलास, जोडायच्या नव्या कॉम्प्युटरचे सगळे बॉक्स कॉटवर मांडलेले. मामाने फटाके टाकले, दादाने अंगठा. मी फोटो मोठा करकरून बघितला आणि कोपऱ्यात तोच दिसला, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, सगळ्या कॉम्प्युटरला वीज पुरवणारा तो डबा.

त्याचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. बघ, पहिल्याच पॅरात काढलं.

आधी हे सांगते. दुकानात तू जे बोललीस ते मी घरी आल्यावर बाबांना दोनदा सांगितलं. तो माणूस सगळं दादाकडे बघून बोलत होता, प्रोसेसर कोणता, बजेट किती, आणि दादाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तू हळूच म्हणालीस, "काका, रॅम सोळाची एक नको, आठ-आठच्या दोन द्या, ड्युअल चॅनलला चालवायच्यात." तेव्हा त्याने पहिल्यांदा तुझ्याकडे मान वळवली. मग तू त्याला मदरबोर्डचं विचारलंस की बी४५० असेल तर त्याचं बायोस, ते आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून द्याल का, नाहीतर ५६०० प्रोसेसर उचलणार नाही, आणि तो म्हणाला मॅडम बी५५०च घ्या. मॅडम म्हणाला गं. मला तिथेच तुझ्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला होता. तो फिरवला नाही, आणि पाच मिनिटांनी त्या एसएमपीएसवरून मीच सगळ्यांसमोर "अक्कल गहाण ठेवलीस का" म्हणाले. चुकलं माझं. एवढ्या मोठ्या मुलीला दुकानात असं बोलायचं नसतं. स्टायपेंडमधून चौदा महिने साठवलेले पैसे तुझे होते, ठरवणार तूच.

पण मनू, लेबल वाच.

एसएमपीएसच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलंय. खाली बारीक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. मी तिथेच वाचलं म्हणून तर बोलले. १२ गुणिले १८, २१६ वॅट. तुझा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही त्याच १२ व्होल्टमधून खातात. तूच मला दाखवलं होतंस, रायझन ५ ५६०० च्या बॉक्सवर ६५ लिहितात पण जोरात चालला की ७६ पर्यंत घेतो, आणि तुझ्या आरएक्स ६६०० कार्डला १३२. झाले २०८. त्यात पंखे आहेत, बोर्ड आहे. म्हणजे तो खरा निघाला तरी पहिल्या दिवसापासून तो कायम टोकाला, आणि असले डबे लेबलाएवढे पण खरे नसतात. हातात धरलास ना, किती हलका होता? आत ट्रान्सफॉर्मर बारका, हीटसिंक म्हणजे पत्र्याचा तुकडा, फिल्टरच्या जागा नुसत्या मोकळ्या सोडलेल्या. आणि त्याला कार्डची आठ पिनची वायरच नाही, तो माणूस मोलेक्सचा, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरीचा, कन्व्हर्टर देत होता, "चालतं मॅडम, सगळे लावतात". त्या बारीक वायरीतून कार्डचा करंट ओढायचा? तिथूनच प्लास्टिक वितळतं.

मी भोसरीला कंपनीत अकरा वर्षं असेंब्ली लाईनवर काढली ते तुला फक्त डबा आणि शिफ्ट एवढंच आठवत असेल. मी कपॅसिटर बसवायचे. दिवसाला किती ते मोजणं सोडून दिलं होतं, मनगटाला पट्टा, त्याची वायर टेबलाला, त्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो म्हणजे चुकून करंट आला तरी आपल्याला धक्का बसू नये. २००२-०३ च्या सुमारास आमच्याकडे रिपेअरला बोर्डच्या बोर्ड परत यायला लागले, सगळ्यांना एकच रोग, कपॅसिटरची टोपी फुगलेली, वरच्या खाचेतून तपकिरी चीक आलेला. आतलं इलेक्ट्रोलाइटच खराब भरलेलं होतं, तेव्हा जगभर झालं होतं ते. मी टोपीवर नुसतं बोट फिरवून सांगायचे हा गेला, हा दोन महिने जाईल. कपॅसिटरवर ८५ डिग्री लिहिलंय की १०५ ते बघायचं आम्हाला शिकवलं होतं, कारण दर दहा डिग्री वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तुझ्या रूममध्ये मे महिन्यात पत्रा तापतो, पंखा गरम वारा फेकतो, त्यात तो डबा टोकाला चालणार. म्हणून बोलते गं, हौस नाही मला.

रॅममुळे पैसे कमी पडले ते मला कळतं. एआयवाल्या डेटा सेंटरना मेमरी लागते म्हणून भाव चढले असं तू म्हणालीस, आणि कुठेतरी कापायला लागणार होतं. पण कापायचंच होतं तर एसएसडी पाचशे जीबीचा घेतला असता, पुढे दुसरा लावता येतो. कॅबिनेट बिनलाईटचं घेतलं असतं. कार्डसुद्धा थांबलं असतं, ५६००जी घेऊन सहा महिने त्याच्यातल्याच ग्राफिकवर खेळली असतीस, तुझं ते व्हॅलोरंट त्याच्यावर चालतं ना. एसएमपीएस ही एकच वस्तू अशी आहे की ती मरताना एकटी मरत नाही.

आणि ५५० वॅटचं पण नको, साडेचारशेचं चांगलं पुरे तुला. ८० प्लस ब्राँझ असेल तर बरं, म्हणजे अर्ध्या लोडला ८५ टक्के तरी वीज कामाला येते. पण नुसत्या त्या स्टिकरवर जाऊ नकोस, तो फक्त वीज किती वाचते ते सांगतो, आतलं प्रोटेक्शन कसं आहे ते सांगत नाही. वॉरंटी पाच वर्षांची बघ आणि जीएसटीचं पक्कं बिल घे.

परत लेक्चर झालं. राहू दे, यातलं निम्मं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. जोडायला बसशील तेव्हाचं सांगणार होते की प्रोसेसरच्या पिना खाली आहेत, सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, आणि रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, आणि मॉनिटरची केबल कार्डला, बोर्डला लावलीस तर ५६०० मध्ये काही दिसणारच नाही आणि तू रात्री दोनला रडत बसशील. तू सहावीत असताना दादाची सायकल पूर्ण उघडलीस आणि चेन बसेना म्हणून जिन्यात रडत बसली होतीस, हात कोपरापर्यंत काळे, आणि मला हात लावू देईनास. शेवटी तूच बसवलीस. जेवायला साडेअकरा.

आता दुसरं, ज्याच्यासाठी खरं लिहायला बसले. तुझी रूम आहे तो वाडा. घरमालकीण काकू चांगल्या आहेत, कॉट बेसिसला एवढ्या भाड्यात सदाशिव पेठेत कोण देतं, सगळं मान्य. पण मी आले होते तेव्हा पाहिलं, लाकडी पट्टीवरची वायरिंग आणि काळे बटणं, तुझ्या कॉटजवळ दोन भोकांचा प्लग आणि त्यात तुम्ही थ्री पिनचा कन्व्हर्टर खुपसलाय. त्यात अर्थिंग कुठून येणार? चांगल्यातला चांगला एसएमपीएस आणलास तरी त्याच्या आत लाईनपासून बॉडीला छोटे कपॅसिटर असतात, त्यातून थोडा करंट गळतो, तो अर्थिंगने जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण होते. लोक म्हणतात चालायचंच. तेवढ्याने माणूस मरत नाही, खरंय. पण आत कधी वायर सुटून पत्र्याला लागली तर पूर्ण २३० बॉडीवर आणि फ्यूज उडायला वाटच नाही. पावसात त्या भिंतींना ओल येते. तू अनवाणी असतेस.

मनू, बाबांच्या हाताचं तुला काय सांगितलंय आम्ही? की व्होल्टेज वाढलं आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर पेटला. तू सहा वर्षांची होतीस, हॉलमध्ये फ्रिजजवळच गादी होती तुझी. व्होल्टेज वाढलं होतं हे खरं. पण तो स्टॅबिलायझर मी आणला होता. बाबांनी दुसरा सांगितला होता, तीनशे रुपयांनी महाग, आणि मला तेव्हा तुझ्या शाळेचे बूट घ्यायचे होते. मी कपॅसिटर बसवणारी बाई, झाकण उघडून बघितलं असतं तर मला कळलं असतं. मी बघितलं नाही. बाबांनी पडदा ओढून काढला आणि जळता प्लग हातानेच उपटला. त्यांनी आजवर एकदाही काढलं नाही ते. मी पण तुला कधी सांगितलं नाही. रविवारी तू तो हलका डबा हातात घेऊन "चालेल गं आई, नंतर बदलू" म्हणालीस, आणि मला दुसरं काही दिसेना.

तुझ्यावर नव्हते चिडले मी.

तीन हजार सहाशे पाठवलेत मगाशी, परत पाठवू नकोस, वाढदिवसाचे धर किंवा उसने धर, तुला जे पटेल ते. बाबांना पण सगळं जोडून झाल्यावर बघायला यायचंय, ते म्हणतात आवाज कसा येतो ते बघू. काकूंशी अर्थिंगचं मी बोलू का? तुला आवडणार नसेल तर नाही बोलत, तू बोल. वायरमनला बोलावून एक पॉइंट नीट ओढून घ्यायचा, बल्ब लावून अर्थिंग बघायला सांगायचं, नुसता टेस्टर लावून नाही. त्याचे पैसे मी देईन. तो पॉइंट होईपर्यंत जोडून ठेव हवं तर पण लाईनला लावू नकोस. गुरुवारी लाईट जाते तुमच्याकडे, आली की एकदम झटका देऊन येते, त्या दिवशी तर नकोच नको.

दादा उद्या त्या बाजूला येतोय, त्याच्याकडे शेंगदाण्याची चटणी दिलीय आणि माझा मनगटाचा पट्टा. जुना आहे पण मी परवा मीटरने बघितला, ठीक आहे. तुझ्या मनगटाला सैल होईल, शेवटच्या भोकात लाव.

आणि तुझ्या कॉटजवळच्या त्या बोर्डाचा फोटो पाठव. कन्व्हर्टर काढून, सगळी भोकं दिसतील असा.

आई