माळ्यावरची बिडाची कढई

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

गेल्या खेपेला डबा काढायला स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवर जुन्या चादरीत गुंडाळलेली बिडाची कढई हाताला लागली. दोन वर्षांपूर्वी मीच पाठवलेली. आई, तू लगेच म्हणालीस, "अगं, पाहुणे आले की काढते." बुडावरचं लेबल मात्र अजून तसंच होतं. मी काही बोलले नाही, पण तू बाहेर गेल्यावर ती काट्यावर ठेवून बघितली. रिकामीच साडेतीन किलो. आत दोन लिटरचा ऐवज गेला की साडेपाच. आणि तुझ्या उजव्या मनगटाला वर्षभर पट्टा आहे. कढई उत्तम आहे, पण मी ती माझ्या मनगटाच्या मापाने घेतली होती.

म्हणून बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात ना, "सगळ्यात चांगलं कुठलं ते सांग, एकदाच घेऊन टाकू," त्यावर लगेच नावं सांगत नाही. सगळ्यात चांगलं असं काही नसतं. आईला भरलेलं उचलता येईल आणि तुम्हाला चष्मा न शोधता चालू-बंद करता येईल, ते आपल्यासाठी चांगलं.

दुकानात भांडं रिकामं उचलून "हलकं आहे" म्हणू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेवढं मनात धरून हिशेब करा. लांब दांड्याचं भांडं एका हाताने उचललं की सगळा भार मनगटावर येतो. तेच वजन दोन बाजूंच्या कानांनी धरलं की निम्मं निम्मं वाटलं जातं. आईसाठी दोन कानांचंच घ्या, आणि कान एवढे मोठे हवेत की जाड फडक्यासकट चार बोटं आत जातील. हे तिथेच करून बघायचं. दुकानदार हसला तर हसू दे.

आता धातूचं. बाबा, तुम्ही खिशात लोहचुंबक घेऊन जाता आणि तो चिकटला की "हे खरं स्टील नव्हे" म्हणून भांडं परत ठेवता. अर्धंच बरोबर आहे ते. चांगल्या स्टीलवर १८/८ लिहिलेलं असतं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरं. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही, तेव्हा त्यावरून दर्जा कळत नाही. उलट विजेच्या इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या चांगल्या भांड्याच्या बुडाला तो चिकटायलाच हवा. चुंबक न्या, पण त्याला एवढंच विचारा की हे इंडक्शनवर चालेल का.

स्टील उष्णता वाहून न्यायला आळशी. ॲल्युमिनियम ते काम साधारण पंधरापट चांगलं करतं. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर गोल करपतं आणि कडेला कच्चं राहतं. यावर उपाय म्हणजे बाहेर-आत स्टील आणि मध्ये ॲल्युमिनियम, म्हणजेच ट्रायप्लाय. पण खाली नुसती जाड चकती डकवलेलीही भांडी असतात. त्यात बूड ठीक तापतं, पण चकती संपते तिथे कडेला करपण्याची रेघ उमटते. ॲल्युमिनियमचा थर थेट काठापर्यंत गेला आहे का, हे विचारून घ्या. ट्रायप्लायचं एकच मध्यम पातेलं घेतलंत तरी पुरे. सहाचा संच नको, त्यातली चार भांडी माळ्यावरच जातात. (कुणाला सांगते आहे!)

नॉनस्टिकबद्दल आई, तुझ्याशी जरा भांडायचंय. तुझ्या काळ्या पॅनच्या मधोमध पांढरट चट्टा पडलाय आणि तू तो "अजून चालतोय" म्हणून ठेवलायस. पोटात गेलेला लेपाचा कपचा विरघळत नाही, जसाच्या तसा बाहेर पडतो, ती भीती नको. पण तिथे आता सगळं चिकटतं, मग तू उलथन्याने खरवडतेस, आणि चट्टा आणखी वाढतो. हा लेप १९३८ साली अपघाताने सापडलेल्या टेफ्लॉन या पदार्थाचा. सुमारे २६० अंशांच्या वर तो बिघडायला लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा पॅन काही मिनिटांत तिथवर पोचतो. त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात, म्हणून पोपट पाळणारे नॉनस्टिकला फार जपतात. तुझी सवय मला माहीत आहे, पॅन तापत ठेवून तू कांदा चिरायला बसतेस. तेव्हा आधी कांदा, मग पॅन. आणि नॉनस्टिक ही जन्माची वस्तू नव्हे, वहाणेसारखी झिजते. मध्यम दर्जाचा घ्यायचा, लाकडी उलथनं वापरायचं, चट्टा पडला की टाकायचा.

कुकरचं बघून मात्र मला खरंच धास्ती वाटली. बाबा, तुम्ही सुरीच्या टोकाने मुठीचा स्क्रू आवळत होता. सुरीचं टोक वाकलंय, स्क्रूची खाचही गुळगुळीत झालीय, म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं. आत पाणी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून तर शिजायला वेळ कमी लागतो. तेवढ्या दाबाच्या भांड्याची मूठ हातात फिरता कामा नये. गॅस्केटला बोटाने दाबलं तर ते रबरासारखं नाही, प्लास्टिकसारखं कडक लागलं. आई शिट्टी होत नाही म्हणून आच मोठी करते, पण वाफ कडेने जाते आहे. कुकर जुना असला तरी भांडं धड आहे, टाकायची गरज नाही. मूठ, गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तिन्ही बदलू, पण त्याच कंपनीचे. आणि आई, दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, डाळ असेल तर अर्धाच. फेस वर येऊन वाफेची वाट बुजते.

इंडक्शन घ्यावं की नाही, यावर मी आठवडाभर घोळ घातला. बाबा दोनदा गॅस चालू ठेवून पेपर वाचत बसले होते, त्यासाठी ते उत्तम. भांडं उचललं की तापणं थांबतं. पण बाबांना पेसमेकर आहे. शेगडीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहायला सांगतात, आणि बाबा शेगडीवर वाकूनच उभे राहतात. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा विषय बंद. तोवर बाबांच्या पाण्यासाठी विजेची किटली घेऊ. उकळलं की आपोआप बंद होते, आणि रिकामी राहिली तरी बंद होईल अशी बघून घ्यायची. १५०० वॉटची किटली लिटरभर पाणी चारेक मिनिटांत उकळते. एक लिटरचीच घ्या. पावणेदोन लिटरची भरली की अडीच किलोच्या वर जाते, आणि उकळतं पाणी ओतताना हात थरथरायला नको.

मिक्सर नवा घेऊ नका. तो जळलेला नाही. खाली उलटा करून बघा, एक छोटं लाल बटण असेल. जास्त भार पडला की ते उडतं. दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि दाबा. चालला तर मला फोन करा, नाही चालला तरी करा.

तेवढं एक काम आहे बाबा. कुकरच्या बुडावर किंवा मुठीवर लिटरचा आकडा आणि कंपनीचं नाव असेल, त्याचा फोटो काढून पाठवा. गॅस्केट त्यावरूनच मिळतं. आकडा पुसला गेला असेल तर झाकणाची रुंदी टेपने मोजा, आतल्या बाजूने. आणि नवी मूठ बसेपर्यंत आईला कुकर लावू देऊ नका, ती माझं ऐकत नाही.

कढई मी येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुमची,
मोठी