चार जोड बूट

नागपूर
शनिवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. "पोरगा दहा वर्षांचा झाला. घरची प्रार्थना त्याची आई घेते, संडे स्कूलला तीच सोडते, वचनं पाठ तीच करून घेते. मग बाप म्हणून माझं काम काय, फी भरायचं?" असं तू विचारलंस आणि मी "बोलू नंतर" म्हणून फोन ठेवला. बाजूच्या खोलीत माझा थोरला अभ्यास करत होता. त्याच्या कानावर जाईल असं या विषयावर काही मोठं बोलायची माझी हिंमत नव्हती. का नव्हती, ते आज लिहितो.

आधी बाबांबद्दल. तू त्यांना पाहिलेलं आहेस. आपण हिस्लॉप कॉलेजला असताना तू घरी यायचास, तेव्हा ते मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून सायकलवर यायचे, अंगणातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायचे आणि "काय म्हणते पोट्टं?" एवढंच तुला विचारून आत जायचे. किती धुतले तरी त्या हातांचा ग्रीसचा वास जात नसे. शनिवारी रात्री जेवणं झाली की तेच हात आमचे बूट घेऊन बसायचे. व्हरांड्यात जुना पेपर अंथरायचा, घरातले चारही जोड ओळीनं मांडायचे, आधी फडक्यानं धूळ, मग चेरी ब्लॉसमची डबी, ब्रश, आणि शेवटी फाटक्या बनियनच्या तुकड्यानं चमक. मोठ्या बुटात ते डावा हात घालून धरायचे. माझा बूट लहान, त्यात हात जायचा नाही, म्हणून दोन बोटं घालून धरायचे. रविवारी सकाळी उपासनेला जायचं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही. बूट आदल्या रात्रीच तयार असायचे.

बाबांनी मला विश्वासावर चार वाक्यं सलग ऐकवल्याचं आठवत नाही. लहानपणी मला त्याचं वाईट वाटायचं, कारण मंडळीतल्या इतर पोरांचे वडील उभं राहून लांब प्रार्थना करायचे. आता येशूला वाढवणाऱ्या योसेफाबद्दल वाचतो तेव्हा बाबा आठवतात. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक वाक्य नाही. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमेच्या मंदिरात मागे राहिला, तीन दिवसांनी सापडला, तिथंही बोलते ती मरिया. योसेफ काय करतो? स्वप्नात सूचना मिळाली की रात्रीच उठतो, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरची वाट धरतो.

बाबाही बारा वर्षांचेच होते. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, त्या दिवशी आजोबा त्यांना घेऊन गेले होते. एवढा मोठा दिवस, मी पुन्हा पुन्हा विचारायचो की तिथं कोण काय बोललं. बाबांना त्यातलं काहीच सांगता येत नसे. आठवत होता तो आजोबांचा हात. गर्दीत पोरगा चुकू नये म्हणून त्यांनी तो सबंध वेळ बाबांच्या खांद्यावर ठेवला होता.

आता माझं ऐक.

थोरल्याला दहावीनंतर नीटच्या क्लासला घातलं. दर रविवारी सकाळी नऊला टेस्ट. पहिल्या महिन्यात त्यानंच विचारलं होतं, "पप्पा, मग चर्चचं काय?" मी म्हणालो, "दोनच वर्षांचा प्रश्न आहे, देव समजून घेतो." मंडळीत पाळकसाहेबांनी विचारलं, पोरगा दिसत नाही, तर त्यांनाही हेच सांगितलं. क्लासला दांडी पडली तर मी रागवायचो. उपासना चुकल्याबद्दल दोन वर्षांत त्याला एक शब्द बोललो नाही. आणि हा तोच मुलगा, जो पाच महिन्यांचा असताना मी त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी धरून उभा होतो. प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात याला वाढवाल का, असं पाळकांनी विचारलं आणि मी सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं "होय" म्हणालो होतो.

यंदा दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या विधीचा, वर्ग सुरू झाला. मी फॉर्म आणून त्याच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, मला नाव द्यायचं नाही. का, म्हणून विचारलं तर अगदी शांतपणे म्हणाला, "दोन वर्षं तुम्हीच शिकवलं ना, टेस्ट आधी. आता चर्च एकदम महत्त्वाचं कसं झालं?" पाहुणे बसले होते. मला उत्तर सुचलं नाही आणि माझा हात उठला. वर तुझ्यावर दीड लाख घातले, हेही सर्वांसमोर ऐकवलं. सतरा वर्षांचा पोरगा, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. त्यानं गालाला हातसुद्धा लावला नाही. फॉर्म उचलून माझ्या हातात दिला आणि खोलीत गेला.

त्यानंतर तेवीस दिवस आम्ही बोललो नाही. "त्याला सांग जेवायला बस", "पप्पांना सांग पेट्रोल संपलंय", सगळं त्याच्या आईमार्फत. त्याच दिवसांत सकाळी बायबलातलं दुसरं शमुवेल वाचत होतो. पळून गेलेल्या अबशालोमाला, आपल्या मुलाला, दावीद राजानं परत आणलं खरं, पण तो दोन वर्षं यरुशलेमेत राहिला आणि त्याला राजाचं तोंड दिसलं नाही. शहर एक, बाप एक, आणि भेट नाही. पुढं तो मेल्यावर दावीद वेशीवरच्या खोलीत चढून "माझ्या पुत्रा, अबशालोमा" म्हणून रडला ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्या दोन वर्षांवरचा उपदेश मात्र मी कधी ऐकला नाही. आणि दुसऱ्या मुलाबद्दल, अदोनीयाबद्दल, पहिल्या राजेत लिहिलंय की "तू असं का केलंस?" एवढंसुद्धा बापानं त्याला कधी विचारलं नव्हतं. मोठा राजा, स्तोत्रं रचणारा, देवाच्या मनासारखा माणूस. एका लेकाला काही विचारलं नाही, दुसऱ्याचं तोंड पाहिलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि मोजलं, माझ्या पलंगापासून त्याच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत.

त्या रात्री अकरा-सव्वाअकराला तो स्वयंपाकघरात मॅगी करत होता. मी दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "त्या दिवशी हात उचलला ते चुकलं. पैशांचं बोललो तेही चुकलं. आणि तू जे म्हणालास ते खरं होतं, रविवार आधी मीच मोडला. मला माफ कर." तो वळला नाही. गॅस बारीक केला. बराच वेळ भांड्यात चमचा फिरवत राहिला. मग दुसरी ताटली काढली आणि अर्धी मॅगी त्यात वाढली. आम्ही ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ली. प्रार्थना वगैरे काही केली नाही.

दृढीकरणाला त्यानं अजून नाव दिलेलं नाही. मीही पुन्हा काढलेलं नाही. रविवारी कधी येतो, कधी नाही. क्लासला मी लिहून दिलंय की महिन्यातला एक रविवार तो टेस्टला बसणार नाही, त्या रविवारी काय करायचं ते तो ठरवेल. मला हे फार उशिरा सुचलं, म्हणून तुला वेळेवर सांगतो आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना बापाची जबाबदारी म्हटली की नीतिसूत्रांतली छडी आठवते. मला त्या वचनाचा हा वापर पटत नाही. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात काठी आहे, आणि मेंढराला ती पाहून धीर येतो. माझा हात पाहून पोराला धीर आला का, हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर तुला ठाऊकच आहे. पौलानं इफिसकरांना लिहिताना बापांना नाव घेऊन पहिली गोष्ट सांगितली ती ही, की मुलांना चिरडीस आणू नका. शिस्त आणि शिक्षण त्याच्यानंतर येतं. मी मात्र ते वचन नेहमी दुसऱ्या अर्ध्यापासून वाचत आलो.

तर तुझा प्रश्न. वहिनी प्रार्थना घेतात, तर घेऊ देत. त्यांच्या हातून काढून घेऊ नकोस. पौलाचा शिष्य तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता, विश्वास त्याला आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाला, आणि पौलानं दोघींचीही नावं घेऊन ते लिहिलंय. तुझं काम एवढंच, की प्रार्थनेच्या वेळी तू तिथं बसलेला असावास, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. दहा वर्षांचं पोर डोळे मिटत नाही रे, किलकिल्या डोळ्यांनी बापाकडे बघत असतं. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या मनावर वचन बिंबवायच्या चार वेळा सांगितल्या आहेत. घरी बसता, वाटेनं चालता, निजता, उठता. त्यात मंदिर नाही. शाळेत सोडताना स्कूटरवरची पंधरा मिनिटं तुझ्याकडे रोज असतात. त्यात प्रवचन देऊ नकोस. तो काय बोलतो ते ऐक. "असं का केलंस?" हे विचार, पण उत्तर ऐकायची तयारी ठेवून.

आणि त्याला हातानं करायचं काहीतरी सोबत दे. आमच्या शेजारचे काका दर दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर येणाऱ्यांसाठी पाण्याचा स्टॉल लावतात. बाबा मला तिथं न्यायचे. आपण ख्रिस्ती, आपण कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ग्लास नीट धू." पुढं मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात "मी तान्हेला होतो" वाचलं, तेव्हा डोळ्यांसमोर ते ओले स्टीलचे ग्लास आले. मी माझ्या दोघांना एकदाही तिथं नेलं नाही. यंदा धाकटीला नेणार आहे.

धाकटीचं एक सांगायचं राहिलं. आईला जाऊन वर्ष झालं. परवा कबरीवर फुलं ठेवताना ही म्हणाली, "आजी बरी व्हावी म्हणून मी रोज प्रार्थना केली होती, मग देवानं का नाही ऐकलं?" तयार उत्तरं मला चार येतात. एकही दिलं नाही. म्हणालो, "मलाही कळलेलं नाही बाळा. मीही तेच मागितलं होतं." ती माझ्याकडे बघतच राहिली, मग हात धरला आणि फाटकापर्यंत सोडला नाही. चुकीचं बोललो का? तुझं मत कळव, खरंच कळव.

आत्ता इथं व्हरांड्यात पेपर अंथरला आहे. तीन जोड झाले. चौथा थोरल्याचा. उद्या तो येईल की नाही, मी विचारलेलं नाही. त्याच्या बुटात माझा सबंध हात जातो आता, वर जागाही उरते.

डिसेंबरात या. संत्री असतील, नाताळच्या करंज्याही होतील. पोराला नक्की आण, स्टेशनवर घ्यायला मी येईन. वहिनींना सलाम, पोराला खूप प्रेम.

तुझाच,
हिस्लॉपचा बाकसोबती